अपघाताच्या दिवशी चालकाला दोषी ठरवू नका : रेल्वे बोर्डाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी निवृत्त स्टेशन मास्तर आहे. नोकरीची बहुतेक वर्षं महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या स्टेशनांवर सिग्नल चालवण्याच्या पॅनलसमोर गेली. एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे, आणि ती मागणी आधीच सांगून टाकतो. अपघात झाला की त्याच दिवशी, डबे कापून माणसं बाहेर काढणं चालू असतानाच, ‘मानवी चूक’ हे कारण जाहीर करण्याची पद्धत बंद करा. माणूस चुकला असेलही. पण तो का चुकला आणि त्याची चूक अडवायला वाटेत काही का नव्हतं, हे शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा तिथेच संपतं.

१७ जून २०२४. पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपाईगुडी सोडल्यावर, रंगापानी आणि चटरहाट या स्टेशनांच्या मध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मागून कंटेनरची मालगाडी धडकली. सकाळचे नऊ वाजत आले होते. किमान दहा माणसं गेली. त्यांत मालगाडीचा लोको पायलट, म्हणजे चालक, होता, एक्सप्रेसचा गार्ड होता. त्याच दिवशी बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं की मालगाडीच्या चालकानं सिग्नल पाळला नाही, प्रथमदर्शनी चूक मानवी दिसते. सुरुवातीच्या माहितीत मालगाडीचा सहचालकही मृत म्हणून जाहीर झाला होता. तो रुग्णालयात जिवंत होता. कोण जिवंत आहे याचीही खात्री झालेली नसताना चूक कोणाची हे मात्र सांगून झालं होतं. या गोष्टीनं मला फार अस्वस्थ केलं आणि आजही करते.

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली. तिच्यातून पुढे आलेलं चित्र पहिल्या दिवसापेक्षा पुष्कळ वेगळं आहे. त्या सेक्शनमधले, म्हणजे त्या दोन स्टेशनांमधल्या मार्गावरचे, स्वयंचलित सिग्नल पहाटे ५.५० पासून बंद होते. गाड्या कागदावर सोडल्या जात होत्या. त्या कागदाचं नाव टी/ए ९१२. स्टेशन मास्तर तो चालकाला देतो, म्हणजे पुढचे अमुक अमुक सिग्नल लाल असले तरी ओलांडून जायची लेखी परवानगी देतो. त्या दिवशी दिलेल्या कागदावर वेग किती ठेवायचा याचा उल्लेख नव्हता. दिलेला कागदच त्या परिस्थितीसाठी योग्य नव्हता, असंही आयुक्तांनी म्हटलं. सिग्नल दीर्घ काळ बंद राहणार असतील तर टी/डी ९१२ या नमुन्यावर काम करायचं असतं, आणि त्यात सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी सोडली जाते.

अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग आता सांगतो. सिग्नल बंद पडल्यापासून अपघातापर्यंत त्या सेक्शनमध्ये एकूण सात गाड्या गेल्या. प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचं आणि मग ताशी १५ किलोमीटरनं पुढे जायचं, हा नियम सातांतल्या एकाच गाडीनं पाळला. ती गाडी कांचनजंगा एक्सप्रेस. बाकी सहांनी पाळला नाही, आणि अपघातातली मालगाडी त्या सहांतली एक.

सात चालकांना कागद मिळतो आणि सहा जण तो एका प्रकारे वाचतात, तेव्हा आपण सहा माणसांबद्दल बोलत नसतो, कागदाबद्दल बोलत असतो. मालगाडीच्या चालकानं काय समजून गाडी हाकली हे सांगायला तो राहिला नाही. पण त्याच्या आधीच्या पाच जणांनी काय समजून हाकली ते त्यांच्या वेगावरून दिसतं. स्टेशन मास्तरनं लाल सिग्नल ओलांडायला लेखी परवानगी दिलीय, म्हणजे पुढे रस्ता मोकळा असणार, असंच ते समजले असणार. सकाळभर तसंच चाललं आणि काही झालं नाही. मग एक चालक नियमानं, थांबत थांबत निघाला, आणि त्याच्या मागे नेहमीच्या समजुतीनं गाडी हाकणारा आला. नियम पाळणारा आणि न पाळणारा एकाच रुळावर एकामागोमाग आले आणि अपघात झाला. हा अपघात केव्हा तरी होणारच होता, अशा अर्थाचे शब्द अहवालात आहेत. चालकांना आणि स्टेशन मास्तरांना या नियमांबद्दल पुरेसं समजावलं गेलं नव्हतं, हेही आहे. अपघाताची वर्गवारी आयुक्तांनी ‘गाडी चालवण्याच्या कामकाजातली चूक’ अशी केली. त्या वर्गवारीत चालक आहे, स्टेशन मास्तर आहे, त्यांना शिकवणारे आहेत, नियम लिहिणारे आहेत. पहिल्या दिवशीच्या निवेदनात एकटा चालक होता.

तो अहवाल किती जणांनी वाचला? चालकाच्या गावात, त्याच्या नातेवाइकांत, मुलांच्या शाळेत पोचलं ते पहिल्या दिवशीचं वाक्य.

सिग्नल बंद पडलेली सकाळ स्टेशनच्या आतून कशी असते, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. पॅनलवर जिथे एरवी एकेक दिवा बदलताना दिसतो तिथे लाल पट्ट्या जशाच्या तशा दिसत राहतात. बझर वाजत असतो. सिग्नलच्या मेंटेनरला फोन करायचा, फेल्युअर मेमो लिहायचा, रजिस्टरात वेळ टाकायची. तेवढ्यात कंट्रोलचा, म्हणजे विभागातल्या गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाचा, फोन. सेक्शन कंट्रोलरला समोरच्या चार्टवर एकामागे एक उभ्या राहिलेल्या गाड्या दिसत असतात आणि त्याच्या मागे त्याचा साहेब उभा असतो. “मास्तर, ती गाडी का उभी आहे अजून?” पुढच्या स्टेशनशी बोलून प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण, घ्यायचा. मग टेबलावर ऑथॉरिटीचं, म्हणजे या लेखी परवान्यांचं, पुस्तक ओढायचं, कार्बन घालायचा आणि बॉलपेन दाबून लिहायला लागायचं : गाडी नंबर, वेळ, आणि ओलांडायच्या सिग्नलांचे नंबर, एकेक करून. रंगापानीच्या त्या सेक्शनमध्ये असे नऊ सिग्नल होते. एका गाडीचं लिहून होत नाही तोवर दुसरी स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलवर शिट्टी मारत उभी. चालक किंवा गार्ड दारात येऊन उभा राहतो, घाईनं सही करतो, कागद घडी घालून खिशात टाकतो. त्या क्षणी त्याला सगळं वाचून दाखवावं, हे नियमात आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या खोलीत फोन वाजत असतो.

अशा एका सकाळी एका वयस्कर चालकानं सही करण्याआधी कागद उलटा-सुलटा करून मला विचारलं होतं, “साहेब, स्पीड कुठं लिहिलाय यात?” मी त्याला नियम सांगितला, त्यानं मान हलवली आणि गेला. त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता. जी गोष्ट चुकली तर माणसं मरतात, ती कागदावर छापलेली का नसावी? ती चालकाच्या आठवणीवर का सोडायची, आणि तीही पहाटेच्या वेळी?

आणखी एक सांगतो. माझ्या हाताखाली एक तरुण सहायक स्टेशन मास्तर होता. वेगवेगळ्या प्रसंगांसाठीच्या फॉर्मची पुस्तकं एकाच खणात, एकावर एक, जवळजवळ सारखीच दिसणारी. त्यानं एक दिवस सुट्टीच्या वेळात ती बाहेर काढली, प्रत्येक पुस्तकाच्या कडेला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली आणि खणात पुठ्ठ्याचा आडोसा करून दोन वेगळे कप्पे केले. घाईत हात चुकीच्या पुस्तकावर जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, हे वर लिहून कळव, सगळ्या स्टेशनांवर करता येईल. तो नको म्हणाला. “वरून पहिला प्रश्न येईल, की तुझा हात कधी चुकीच्या पुस्तकावर गेला होता का?” त्यानं लिहिलं नाही. ती चिकटपट्टी त्या एका स्टेशनपुरती राहिली.

हा पोरगा भित्रा नव्हता. आपलं खातं कसं चालतं हे त्याला माहीत होतं, एवढंच. चूक किंवा चुकीची नुसती शक्यता कबूल केली की एसएफ-११ किंवा एसएफ-५ चा, म्हणजे शिस्तभंगाच्या आरोपाचा, कागद हातात पडतो. आणि लाल सिग्नल ओलांडला गेला, तर कोणालाही खरचटलं नसलं तरी सक्तीची निवृत्ती किंवा बडतर्फी डोक्यावर लटकते. अशा ठिकाणी शहाणा माणूस गप्प बसायला शिकतो. त्याच्या गप्प बसण्यामुळे बोर्डाला जे कळायला हवं ते कळत नाही.

भीतीनं चुका कमी होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी जपानमधल्या आमागासाकीचा अपघात नीट अभ्यासावा. २५ एप्रिल २००५. जेआर वेस्ट कंपनीची लोकल वळणावर रूळ सोडून एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसं गेली. वळणावर वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर, गाडी होती ११६ च्या वेगानं. चालक तरुण होता. त्याआधी एका स्टेशनवर गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, मागे घ्यावी लागली, त्यात दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. त्या कंपनीत अशा चुकीसाठी ‘पुनर्प्रशिक्षण’ असे. नाव प्रशिक्षणाचं, प्रत्यक्षात निबंध लिहायला लावणं, सगळ्यांदेखत खडसावणं, हलकी कामं करायला लावणं. या चालकानं ते आधी एकदा भोगलेलं होतं. वळण जवळ येत होतं तेव्हा मागचा कंडक्टर त्याच चुकीबद्दल रेडिओवर कंट्रोलशी बोलत होता, आणि चौकशी समितीच्या मते चालकाचं लक्ष बहुधा त्या बोलण्याकडे लागलेलं होतं. शिक्षेच्या भीतीनं त्याची नजर रुळावरून काढून घेतली. पुढे, मृतांच्या नातेवाइकांशी झालेल्या दीर्घ चर्चेनंतर, २०१६ साली त्या कंपनीनं मानवी चुकीसाठी शिस्तभंगाची शिक्षा करणं थांबवलं. हे मागायला आपली माणसं गमावलेले लोक पुढे आले होते, हे विसरू नका.

आपल्याकडे इतकं लांब जायलाही नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा रुळांवर मृत्यू झाला. सिग्नल ओलांडल्याच्या प्रकरणात कारवाई होईल या ताणाखाली तो होता, असं त्याच्या सहकाऱ्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मोटरमन अंत्यविधीला गेले, अनेकांनी जादा ड्युटी करायला नकार दिला आणि लोकलच्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. लोक फलाटावर ताटकळले, चिडले, बातमी ‘मोटरमनमुळे प्रवाशांचे हाल’ या अंगानंही गेली. त्या मृत्यूमागचं खरं कारण मी ठरवणार नाही. पण इतकी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील, तर ती ऐकून घेणं हे बोर्डाचं काम आहे.

मला सर्वांत वाईट याचं वाटतं की रेल्वेला हे सगळं एके काळी पक्कं माहीत होतं. माणूस चुकणारच, हे धरून चालण्यावर आपली सगळी सिग्नल यंत्रणा उभी आहे. टोकन पद्धतीच्या एकेरी मार्गावर चालकाच्या हातात टोकन, म्हणजे पुढे जायच्या परवानगीची खूण, असल्याशिवाय गाडी पुढे काढता येत नाही, आणि यंत्रातून एका वेळी एकच टोकन निघतं. वेताच्या कड्यात अडकवलेलं ते टोकन धावत्या इंजिनात झेलणारे चालक मी पाहिले आहेत. कितीही अनुभवी असो, त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नसे. प्रायव्हेट नंबरचंच उदाहरण घ्या. दोन आकडे, त्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. पण तो नंबर द्यायचा तर समोरच्याला तक्ता उघडून बघावा लागतो, आकडा खोडावा लागतो, वहीत लिहावं लागतं. ‘हो हो, गाडी गेली’ असं अर्धवट झोपेत म्हणून चालत नाही. चालक आणि सहचालक सिग्नल दिसला की हात करून तो मोठ्यानं म्हणतात, तेही याचसाठी. ही पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांना माणसाचं मन कसं घसरतं हे नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांना त्याबद्दल माणसाचा राग नव्हता.

ही समज रक्त सांडून आलेली आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. अडीच महिन्यांत ब्रिटिश संसदेनं कायदा केला : प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत (एका पट्ट्यात एका वेळी एकच गाडी), इंटरलॉकिंग (सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी जुळल्याशिवाय हलू न देणारी जोडणी) आणि सबंध गाडीला एकत्र लागणारा ब्रेक सक्तीचा. डबे तोडायला सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालला, पण बदल घडला तो कायद्यानं.

म्हणून मला वाटतं की आपली खरी जोखीम तिथे आहे, जिथे ही यंत्रं बाजूला होतात आणि फक्त माणूस आणि कागद उरतो. रंगापानीला तेच झालं. २ ऑगस्ट १९९९ रोजी, रंगापानी ज्यात येतं त्याच कटिहार विभागात, गैसालला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २८५ च्या आसपास माणसं गेली. तेव्हा दुहेरीकरणाच्या कामासाठी किशनगंजला इंटरलॉकिंग काढून ठेवलं होतं, गाडी चुकीच्या मार्गावर गेली आणि मधल्या स्टेशनांवरही कोणाच्या लक्षात आलं नाही. रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. पंचवीस वर्षांनी, यंत्र बंद आणि कागद चालू, अशा अवस्थेत त्याच विभागात पुन्हा माणसं गेली. यंत्र बंद पडल्यावर काय करायचं, त्याचा सराव आपण किती देतो? भुसावळच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत रिफ्रेशरला जाऊन आलेला कोणीही सांगेल, की हे नियम परीक्षेसाठी पाठ होतात आणि प्रत्यक्षात वर्षांतून क्वचित लागतात. जे क्वचित लागतं ते माणूस विसरतो. ते विसरलं जाईल हे धरूनच कागद बनवायला हवा.

ओडिशातल्या बालासोरच्या अपघाताबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण तिथे चालकावर बोट ठेवता येणार नव्हतं. २ जून २०२३ रोजी तिथल्या बहानगा बाजार स्टेशनला कोरोमंडल एक्सप्रेसच्या चालकाला हिरवा सिग्नल होता. मेन लाइनचा सिग्नल हिरवा आणि पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, बाजूच्या लूप लाइनकडे, अशी गोष्ट जी कधीच होऊ नये ती झाली, आणि २९० हून जास्त माणसं गेली. सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात सिग्नलच्या सर्किटमध्ये २०१८ साली केलेल्या बदलांतल्या त्रुटी आहेत, फाटकाच्या कामाच्या वेळी झालेल्या जोडणीतल्या चुका आहेत, तारांवरची चुकीची लेबलं आहेत. आणि त्याच अहवालात हेही आहे की १६ मे २०२२ रोजी बहानगा ज्यात येतं त्याच खरगपूर विभागात बांकडानयाबाज स्टेशनला चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. त्यावर तेव्हा उपाय झाला असता तर बहानगाचा अपघात टळला असता. त्या वर्षभरात कोणी काय केलं? अटक झाली ती सिग्नल विभागातल्या तीन जणांना. त्यांचा दोष असेल तर तो न्यायालयात ठरेल. पण १६ मे २०२२ ची गोष्ट वर गेल्यावर ती कोणाच्या टेबलावर थांबली, हा प्रश्न अटकेनं सुटत नाही.

इंग्लंडमध्येही हेच घडलं होतं. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला एका चालकानं लाल सिग्नल ओलांडला आणि ३१ माणसं गेली. चौकशीत निघालं की तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता. तो नीट दिसतच नव्हता. आठही वेळा चालकाची चूक म्हणून नोंद करून पुढे जाता येत होतं, आणि तसंच घडत आलं होतं.

मग काय करायचं?

अमेरिकेत वैमानिकांच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या घटना गोळा करण्याचं काम १९७६ पासून नासा करते. परवाना देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या खात्याला वैमानिक खरं सांगणार नाहीत, हे ओळखून ते काम मुद्दाम तिसऱ्याच संस्थेकडे दिलं गेलं. ब्रिटनच्या रेल्वेत १९९६ साली स्कॉटलंडमध्ये अशीच गोपनीय पद्धत सुरू झाली आणि लॅडब्रोक ग्रोव्हनंतर ती देशभर लागू झाली. आपल्याकडे यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. रेल्वे सुरक्षा आयोग आपल्या मंत्रालयाखाली येत नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. स्वातंत्र्याच्याही आधी कोणाला तरी हे सुचलं होतं की रेल्वे चालवणाऱ्यांनीच रेल्वेची चौकशी करू नये. त्याच आयोगाकडे गोपनीय नोंदींचं काम द्या, माणसं द्या, पैसा द्या. गँगमन, पॉइंट्समन, सिग्नल मेंटेनर, गार्ड, कोणीही आपल्या भाषेत, नाव बाहेर न फुटता, ‘आज असं होता होता राहिलं’ एवढं सांगू शकेल असं करा. आणि त्या सांगण्यावरून त्याच्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्या.

शिक्षा असूच नये, असं माझं म्हणणं नाही. दारू पिऊन ड्युटीवर येणारा, गाडी चालवताना मोबाइलमध्ये रमणारा, खोटी नोंद करणारा, यांना मी स्वतः कधी पाठीशी घातलं नाही आणि घालणार नाही. पण रात्रभर गाडी चालवून पहाटे एका सिग्नलवर दोन सेकंद मागे पडलेला माणूस आणि दारू प्यालेला माणूस यांना एकाच मापानं मोजणं अन्याय आहे. त्या दोन सेकंदांच्या मागे सलग रात्रपाळ्या असतात, रनिंग रूममधली (चालकांच्या विश्रांतीगृहातली) अर्धवट झोप असते. अनेक इंजिनांत आजही शौचालय नाही, म्हणून पाणी कमी पिण्याची सवय असते. साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकाअखेरीस इंजिनावर चढल्या, देशातल्या पहिल्या महिला चालक ठरल्या, वंदे भारत चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची पूर्ण नोकरी संपली तरी शौचालयाचा हा प्रश्न संपलेला नाही. लाल सिग्नल ओलांडल्याच्या प्रत्येक चौकशीत चालकाचे आधीचे दहा दिवस, त्याची विश्रांती, सिग्नल दिसण्याचं अंतर आणि त्याच सिग्नलवर आधी काय घडलं, हे पाहणं सक्तीचं करा. आणि शिक्षेची किमान मर्यादा आधीच ठरवून ठेवू नका.

मला कल्पना आहे की कवच, म्हणजे धोका दिसला की गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, येत आहे. यावं, लवकर यावं, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण कवचही कधी ना कधी बंद पडेल, आणि त्या दिवशी कुठल्या तरी स्टेशनवर कुणीतरी पुन्हा खण उघडून ऑथॉरिटीचं पुस्तक बाहेर काढेल.

अपघातग्रस्तांच्या घरच्यांना उत्तर हवं असतं, ते त्याच दिवशी हवं असतं, हेही मी जाणतो. त्यांना उत्तर द्या. किती गेले, किती जखमी, कुठल्या रुग्णालयात, मदतीचा फोन कोणता, कोण अधिकारी जबाबदारीनं तिथे थांबला आहे, हे सगळं तासातासाला सांगा. आणि कारण विचारलं तर एवढंच सांगा की कारण सुरक्षा आयुक्त सांगतील आणि त्यांचा अहवाल संपूर्ण छापला जाईल. तो खरोखर संपूर्ण छापा, संकेतस्थळावर सहज सापडेल असा ठेवा, आणि ज्या राज्यात अपघात झाला तिथल्या भाषेतही द्या. गेलेल्या चालकाच्या घरच्यांनाही त्याची एक प्रत पोचती करा.

टी/ए ९१२ आणि टी/डी ९१२ या दोन्ही कागदांचे नमुने नव्यानं करा : वेग मोठ्या अक्षरांत छापलेला, दोन्हींचे रंग एकमेकांपासून लांबूनही ओळखू येतील असे, आणि कोणता कधी द्यायचा हे त्याच्याच माथ्यावर एका ओळीत. मसुदा तयार झाला की तो रेल भवनात मंजूर करण्याआधी कुठल्याही चार छोट्या स्टेशनांवर पाठवा. रात्रपाळीच्या शेवटी, पहाटे चार वाजता, कंट्रोलचा फोन वाजत असताना तिथल्या स्टेशन मास्तरांकडून तो भरून घ्या आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकांना वाचायला द्या. मग प्रत्येकाला वेगळं विचारा, की आता तुम्ही गाडी किती वेगानं नेणार. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर छापायला पाठवा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्टेशन मास्तर